लॅबकाकांनी ओळखलेला तीळ

लॅबकाका फोटोतल्या माणसाकडे कधी पाहायचेच नाहीत. त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या हौसेनं त्यांच्यापुढे उघडला, तर गृहस्थ नवरा-नवरीला सोडून स्टेजमागचा पांढरा पडदा न्याहाळत बसले. सगळी पानं उलटून झाल्यावर म्हणाले, "पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक ठिपका आहे. सगळ्या पानांवर तिथंच आहे." मी विचारलं, "आणि नवरी कशी दिसतेय?" तर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "नवरी होती का यात?" पुतणी शेजारीच उभी होती. तिनं पुढं बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत फोटो तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. फोटोत काय खोडलंय, काय जोडलंय, कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्यातून निघालाय, हे कोर्टासाठी शोधून द्यायचं काम. निवृत्त होऊन ते आमच्या तालुक्याच्या गावी परतले आणि माझ्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहू लागले. मी रूथ. बाजारतळाच्या कोपऱ्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, चर्चमधले बाप्तिस्मे, शाळेच्या पोरांचे पासपोर्ट साईज, जे येईल ते मी काढते. बाईमाणसानं लग्नाचे फोटो काढायचे म्हणजे सुरुवातीला लोक माझ्या मागं कॅमेरावाला कुठं दिसतोय का ते बघायचे. लॅबकाकांनी मात्र पहिल्या दिवशी माझ्याकडं बघितलंच नाही. ते थेट कॅमेऱ्याकडं गेले, त्याला उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बाई, हा पुसता कशानं? पदरानं?" आमची ओळख अशी झाली.

मग रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते यायचे. अंगात इस्त्रीचा सफारी, खिशाला हिरवं बॉलपेन, हातात भिंग. बिनसाखरेचा चहा मागायचे आणि माझ्या पुढ्यातलं बिस्कीट न विचारता उचलायचे. माझ्या संगणकावर फोटो मोठा करून करून इतका मोठा करायचे की माणसाचं नाक म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे दिसायचे, आणि त्या ठोकळ्यांकडं बघताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की नातवंडाकडं बघतानाही तसा खुलला नसेल. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ठोकळे दाखवायचे. एकदा एका मुलाकडच्या बाईंनी स्थळ म्हणून आलेला मुलीचा फोटो मोठा करून मागितला, तर काकांनी त्यांना मुलीच्या मागची भिंत समजावून सांगितली. बाई फोटो न घेताच गेल्या. मी चिडले की म्हणायचे, "रूथबाई, तोंडं बघायला सगळं जग बसलंय. आपण मागचं बघायचं."

त्यांचं शास्त्र त्यांनी मला फुकटात शिकवलं, आणि तेही माझी पाठ सोडता सोडेनात म्हणून. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड टिपणारे लाखो बारके डोळे असतात. ते एकाच कारखान्यात, एकाच साच्यात घडतात, पण एक जरासा जास्त उजेड पितो, दुसरा जरासा कमी. "भट्टीवर विटा बघितल्यास ना? साचा एक, माती एक, तरी एक वीट दुसरीसारखी भाजत नाही. तसंच हे." हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्या कॅमेऱ्यानं काढलेल्या हरेक फोटोवर तो उमटलेला असतो. तो शोधायला कोऱ्या आकाशाचे खूप फोटो काढायचे, मुद्दाम धूसर ठेवून, आणि संगणकावर त्यांची सरासरी घ्यायची. आकाश निघून जातं आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं तेवढं मागं राहतं. मग हवा तो फोटो त्याच्याशी ताडून बघायचा. याखेरीज एखादा डोळा बिघडलेला असतो. तो अंधुक उजेडातल्या फोटोत कायम एकाच जागी लालसर चमकतो. काका त्याला तीळ म्हणायचे. माझ्या कॅमेऱ्याला असा एक तीळ होता, उजवीकडं, वरच्या बाजूला. पहिल्यांदा सापडला तेव्हा काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हा बघ. आता हा कॅमेरा जत्रेत हरवला तरी मी शोधून आणीन."

आकाशाचे फोटो काढायला आम्ही स्टुडिओच्या गच्चीवर जायचो. मी कॅमेरा वर धरून कोरं आकाश टिपतेय आणि शेजारी सफारीतले काका "अजून एक, अजून एक" करतायत, हे बघून समोरचा किराणावाला एकदा खालून ओरडला, "काय रूथताई, इमान चाललंय व्हय?" काकांनी वरूनच त्याला सांगितलं, "विमान गेलं तर फोटो वाया जाईल, तू गप्प बस."

हे सगळं नुसतं खूळ नव्हतं, हे मला दोनदा कळलं. पहिल्यांदा माझ्यापुरतं. नगर रस्त्यावरच्या एका स्टुडिओवाल्यानं मी काढलेला नवरीचा फोटो आपल्या बोर्डावर लावला आणि वर "हा आमचाच" म्हणून बसला. काका माझ्याबरोबर आले. त्याच्याकडची फाईल त्यांनी उघडायला लावली, तीळ दाखवला, त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत तो नाही हेही दाखवलं, आणि शांतपणे म्हणाले, "आता बोर्ड तू उतरवतोस का मी माणूस बोलावू?" बोर्ड उतरला. परतताना मी रिक्षात हसत सुटले होते. नगर आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं, आणि त्या रस्त्यानं जाताना अजूनही माझी नजर त्या बोर्डाच्या रिकाम्या जागेकडं जाते.

दुसऱ्यांदा प्रकरण वाईट होतं. कॉलेजातल्या एका मुलीचे चोरून काढलेले फोटो कुणीतरी तिच्याच बापाला पाठवले आणि धमक्या सुरू केल्या. संशय तिघांवर, आणि तिघंही "मी नाही" म्हणणारे. पोलिसांनी तिघांचे मोबाईल जमा केले आणि फोटो मोठ्या लॅबकडं पाठवायच्या आधी काकांना बोलावलं. काकांनी नेमका मोबाईल सांगितला. पुढं लॅबचा निकालही तोच आला. तो मोबाईल निघाला गावातल्या बड्या घरातल्या मुलाचा. काकांच्या घरी माणसं येऊन गेली, आधी गोड बोलून, मग डोळे वटारून. काका बधले नाहीत. मला म्हणाले, "कुणाला लागतंय ते बघितलं की तपासणी संपली. फोटो जे सांगतो ते सांगायचं, बास." मुलीचा बाप शाल-नारळ घेऊन आला तर काकांनी नारळ तेवढा ठेवून घेतला आणि त्याची चटणी करायला लावली. त्या दिवसापासून माझ्या लेखी ते वडिलांच्या जागी होते. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. काका दुकानात येऊन रागावले की मला बरं वाटायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांना कळत असावं.

माझं माहेर प्रवरेच्या काठावर. माझा भाऊ शमुवेल तिथं शेती करतो, चाऱ्याचा घास आणि दोन-चार गाई. त्याची विहीर नदीला लागूनच आहे. नदीतली वाळू आहे तोवर तिला पाणी. गेल्या काही वर्षांत तिथं रोज पहाटे वाळू उपसायला पोकलेन उतरायला लागले. उजाडायच्या आत हायवा, म्हणजे वाळूचे मोठे डंपर, भरून निघून जायचे. नदीत माणूस बुडेल एवढे खड्डे पडले आणि विहिरीचं पाणी कठड्यावरून दिसेनासं झालं. गावानं अर्ज केले. तहसीलचं पथक आलं की नदी मोकळी असायची आणि वाळूवाला शेठ म्हणायचा, मशिनं शेततळ्याच्या कामाला आलीत. शमू एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "रूथ, आमी बोंबलून काय हुनार? फोटू पायजे फोटू. पन काढनार कोन? त्यो जित्ता सोडायचा न्हाई."

मी काढले. मोठी लेन्स लावून, शमूच्या गोठ्याच्या आडोशानं, फटफटायच्या वेळी. पोकलेनचा दात वाळूत, मागं रांगेत हायवा, नंबर वाचता येतील इतके स्वच्छ. फाईलीला चिकटलेली सगळी माहिती, कॅमेऱ्याचं नाव, नंबर, वेळ, पुसून टाकली. त्याआधी काकांना सहज म्हणून विचारलं होतं, "काका, हे सगळं पुसलं तर फोटो कुणाचा ते कळतं का हो?" काका माझं बिस्कीट उचलत म्हणाले, "दुसऱ्याला नाही कळायचं. मला कळेल." आणि हसले. मीही हसले. त्यांना कळलं म्हणजे काय, घरातल्या माणसाला कळलं.

फोटो गावातल्या पोरांच्या हाती गेले, तिथून पेपरात, तिथून वरपर्यंत. या वेळी पथक न सांगता आलं. मशिनं आणि गाड्या काठावरच सापडल्या आणि जप्त झाल्या. शमूनं फोन केला तेव्हा मागं लोकांचा गलका ऐकू येत होता. तो एवढंच म्हणाला, "ताई, आज नदी गप हाय गं." एरवी तो मला नावानं हाक मारतो. मी स्टुडिओचं शटर ओढून आत बसून रडले, आनंदानं.

फोटो कुणी काढले याची गावात बरीच चर्चा झाली. कुणी ड्रोन म्हणालं, कुणी मुंबईचे पत्रकार. मग एके दिवशी शेठचा मॅनेजर दुकानात आला. खुर्ची ओढून बसला आणि टेबलावर दोन फोटो ठेवले. एक नदीचा. दुसरा शेठच्याच नातवाच्या बारशाचा, जो मीच काढला होता. "ताई, फोटू लई झ्याक काढता तुमी. ह्यो बी तुमचा आन् ह्यो बी तुमचाच." मी म्हटलं, मला काही माहीत नाही. तो म्हणाला, "आमाला हाय ना माहीत. भावाची हीर नदीकाठालाच हाय न्हवं? पोरं-बाळं तितंच खेळत्यात." आणि फोटो तिथंच सोडून गेला.

दोन्ही फोटोंवर उजवीकडं वर, अगदी त्याच जागी, हिरव्या बॉलपेनानं एक बारीक त्रिकोण काढलेला होता. मधोमध तीळ. लोक गोल करतात, काका त्रिकोण करायचे, कोर्टात नजर चटकन जाते म्हणून. धमकीची भीती नंतर वाटली. आधी मी तो त्रिकोण पुन्हा पुन्हा बघितला.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी दोन्ही फोटो त्यांच्या पुढ्यात टाकले. त्यांनी हातातली शेंग फोडली आणि दाणे बाजूला टाकले.

"शेवटी मी फोटोच तपासला ना, रूथ," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं, दोन्ही एका कॅमेऱ्याचे आहेत का. आहेत. जे आहे ते सांगितलं. फोटोत काय आहे ते मी कधी बघतो का, तुला ठाऊक आहे."

"फोटोत काय आहे ते नसेल बघितलं. कॅमेरा कुणाचा ते कळलं होतं का नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. "बघताक्षणी कळलं."

"मग?"

"बाळूच्या दोन्ही हायवा शेठकडं आहेत, पोरी. बाळूनंच आणले फोटो. म्हणाला, बाबा, एवढं सांगा, नाहीतर माझं काम जातंय." बाळू म्हणजे त्यांचा मुलगा. त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे एवढं मला माहीत होतं. गाड्यांत काय भरतात हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या चहात ही एक गोष्ट निघाली नाही.

मी म्हटलं, "माझा भाऊ आहे तिथं, काका." ते म्हणाले, "माझा मुलगा आहे." शेंगांची टरफलं माझ्या साडीला चिकटली होती, ती झटकत मी निघाले.

तरीही, खरं सांगते, मी त्यांना तेव्हा मनातून पुरतं काढून टाकलं नव्हतं. बापाचं मन, मुलानं गळ घातली असेल, असं मी स्वतःलाच समजावत होते. पुढं जे झालं त्यानंतर समजावण्यासारखं काही उरलं नाही.

शेठनं चौकशीत पवित्रा बदलला. म्हणाला, माझी मशिनं काठावर नुसती उभी होती, नदीत उतरलेली दाखवणारे फोटो संगणकावर बनवलेत. हल्ली काय वाटेल ते बनवता येतं. कुणी काढले ते पुढं येऊन सांगा. झालं, सगळा भार फोटोंवर आला. नाव तसंही फुटलं होतं. मी तहसीलदार साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "फोटो माझे आहेत. हा कॅमेरा." कॅमेरा टेबलावर ठेवला. साहेब भले होते. म्हणाले, "बाई, याच कॅमेऱ्याचे आहेत हे कुणी जाणकार सांगेल का? मोठ्या लॅबचा निकाल यायला वेळ लागेल. तोवर गाड्या अडकवून ठेवायला मला काहीतरी आधार लागेल."

जाणकार तालुक्यात एकच होता. मी पुन्हा त्यांच्या दारात गेले. या वेळी भांडायला नाही. म्हटलं, "काका, शेठला जे सांगितलंत तेच साहेबांना सांगा. एक शब्द जास्त नको." काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण सुनावणीच्या दिवशी सफारी घालून आले. त्यांना दारातून येताना बघून मी शमूचा हात दाबला. तो कानात म्हणाला, "आलं बग म्हातारं. मानूस हाय."

साहेबांनी फोटो आणि माझ्या कॅमेऱ्यातून नुकतेच काढलेले आकाशाचे फोटो संगणकावर त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी चष्मा लावला. ते वाकून बघत राहिले. मागच्या बाकावर बाळू बसला होता. मग काका सरळ झाले आणि म्हणाले, "नक्की सांगता येत नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे हे त्या कॅमेऱ्याचे नाहीत?"

"तसं नाही म्हणत. वय झालं, साहेब. नजर राहिली नाही. सांगता येत नाही."

बाकावरून कुणीतरी हुश्श केलं. शमू मला हळूच म्हणाला, "खोटं बोल्लं व्हय गं?" मी म्हटलं, "व्हय."

गाड्या हमीपत्रावर सुटल्या. आठवड्याच्या आत नदी पुन्हा घरघरायला लागली. त्या दिवशी सुनावणी संपवून मी निघाले, तेव्हा कचेरीच्या फाटकाबाहेर काका कडुनिंबाखाली उभे होते. माझी वाट बघत असावेत. मी जवळून जाताना म्हणाले, "रूथबाई, चहा घेऊ या?" अगदी रोजच्यासारखं. माझा तोल सुटला. मी भर रस्त्यात ओरडले, "काका, खरं बोलून तुम्ही मला पकडून दिलंत आणि खोटं बोलून त्यांना सोडवलंत. चहा कसला मागता?" लोक थांबून बघायला लागले. काका मान खाली घालून उभे राहिले. मी रिक्षात बसले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मीही गल्ली बदलून जायला लागले. मोठ्या लॅबचा निकाल पुष्कळ उशिरा आला. फोटो खरे होते, माझ्याच कॅमेऱ्याचे होते, कुठं काही जोडलेलं नव्हतं. शेठला दंड झाला म्हणे. पण तोवर नदीत घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शमूच्या विहिरीनं मार्गशीर्षातच तळ दाखवला. गाई त्यानं सासुरवाडीला पोचवल्या आणि तो आता शिर्डीत एका हॉटेलात वॉचमन आहे. सुट्टीला आला की विहिरीत वाकून बघतो आणि घरात जातो.

लोक मला विचारतात, फोटोतलं तुम्हाला एवढं कुणी शिकवलं? मी सांगते, लॅबकाकांनी. त्यांच्याकडूनच मी फोटोची मागची बाजू बघायला शिकले, आणि सगळ्यात जवळच्या माणसाची मागची बाजू मला दिसली नाही, याचा राग त्यांच्यावर आहे का स्वतःवर, ते मला ठरवता येत नाही. बहुतेक त्यांच्यावरच.

या थंडीत काका गेले. झोपेत. मी जाणार नव्हते, पण पाय तिकडंच वळले. गल्ली अरुंद, आणि दारात बाळूचा हायवा उभा होता, भरलेला. मागच्या फाळक्याच्या फटीतून पाणी गळून रस्त्यावर ओघळ आला होता, म्हणजे वाळू ताजी होती. कुठून आणलेली, देव जाणे. आमच्या नदीत तर आता खडकच आहे. बायका ओट्यावर बसल्या होत्या. बाळू माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, बाबा शेवटीशेवटी तुमचं नाव घ्यायचे." मी विचारलं, "काय म्हणायचे?" तो म्हणाला, "काही नाही. नुसतं नाव."

तेवढ्यात तिरडी उचलायची वेळ झाली. हायवामुळं वाट नव्हती. बाळू वर चढला, गाडी सुरू केली आणि बापाला बाहेर काढायला जागा व्हावी म्हणून हळूहळू मागं घेतली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला खूप रडू आलं, अगदी हुंदके देऊन. बायकांनी मला धरलं. पण मी त्यांना माफ केलं, असं कुणी समजू नये.